कल्याणहून आणलेले मासे

माझे वडील आणि माझे सासरे, दोघांनाही मासे पाळण्याचा नाद होता. कल्याणला पारनाक्याच्या मागे आमच्या अंगणात चिऱ्यांचा हौद होता, त्यात बाबांनी खाडीतले काळुंदर मासे आणून सोडले होते. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ मामंजींचा हौद होता. त्याच्या एका अंगाला त्यांनी मुंबईहून जाड काच आणून बसवून घेतली होती, त्यामुळे ओसरीवर बसल्या बसल्या पाण्यातलं सगळं दिसे. दोन्ही घरांत मासे खात, पण हौदातल्या माशाला कोणी हात लावत नसे.

कचेरीतून आले की मामंजी पागोटं खुंटीला लावून काचेपुढे पाट घेऊन बसत. काळुंदर चपटा, हिरवट करड्या रंगाचा मासा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके. दिसायला गरीब, पण आपली जागा ठरली की तिथे दुसऱ्याला फिरकू देत नाही. मामंजींच्या हौदात एक थोराड नर होता. तळाशी दोन दगडांच्या मधली कपार त्याची. बाकीचे मासे तिथून लांबून जात.

या दोन गृहस्थांना एकमेकांचा नाद कळला तो लग्न होऊन गेल्यावर, माझ्याकडून. मी माहेरी गेले की बाबा विचारत, "तुझ्या मामंजींच्या काचेला शेवाळ नाही का ग धरत?" मला कुठलं ठाऊक असायला. मी ठाण्याला परतल्यावर सासूबाईंना विचारी, त्या जेवताना मामंजींना विचारत, आणि ते सासूबाईंना सांगत ते मी स्वयंपाकघरातून ऐके. पुढच्या सणाला ते उत्तर कल्याणला पोचे. मी मामंजींशी बोलत नसे. तशी रीतच नव्हती.

"एकदा या म्हणावं, काच पाहायला," असं एकदा मामंजी सासूबाईंना म्हणाले. मी तो निरोप पोचवला तेव्हा बाबा हसले. "येईन की. तुझं मूल मांडीवर घ्यायला येईन तेव्हा काचही पाहीन." मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही, हा आमच्याकडचा कडक रिवाज. व्याह्यांच्या दारी जाऊन कोरड्या तोंडाने परत फिरणं बाबांना बरं वाटत नसे, म्हणून ते येतच नसत. मला न्यायला आणायला दादा यायचा. आणि मुलाच्या बापाने आमंत्रणाशिवाय, तेही मासे बघायला, व्याह्याकडे जावं हे मामंजींना कधी पटलं नसतं. माझं मूल काही लवकर झालं नाही. सासरी मला कोणी बोललं नाही, पण बाबांचा ठाण्याला येण्याचा विषय निघाला की माझा जीव थोडा थोडा होई.

एका भाद्रपदात तापाचं निमित्त होऊन बाबा गेले.

दिवसकार्य झाल्यावर दादा म्हणाला, "हे मासे आता कोण सांभाळणार? हौद बुजवून टाकतो." त्याचं चूक नव्हतं, त्याच्यामागे संसार होता. मी ठाण्याला येऊन सासूबाईंपाशी रडले. ओसरीवर मामंजींनी ऐकलं असावं. संध्याकाळी ते सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, मासे इकडे आणू."

दादाने तांब्याच्या हंड्यात मासे भरले, तोंडाला ओला पंचा बांधला आणि आगगाडीने घेऊन आला. मामंजींना इतका आनंद झाला की त्यांनी कपडेही न बदलता त्यातला एक मासा उचलून हौदात सोडला. आम्ही सगळे काचेशी उभे होतो. नव्या माशाने एक फेरी मारली न मारली तोच तो थोराड नर कपारीतून सुटला. त्याने त्याला कोपऱ्यात कोंडलं, शेपटी फाडली. मामंजींनी कोपरापर्यंत हात घालून नव्या माशाला बाहेर काढलं आणि हंड्यात परत टाकलं. सकाळी तो मेलेला होता.

मामंजी पाटावर येऊन बसले. मग त्यांनी हाक मारली, "सूनबाई."

त्यांनी मला अशी हाक कधी मारली नव्हती. मी दाराआड उभी राहिले.

"तुझे वडील नवा मासा सोडताना काय करत?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बाहेर ये. ऐकू येत नाही मला."

मी पदर सावरून ओसरीवर आले. "आधी आतले दगड हलवत. सगळ्यांची जागा मोडली म्हणजे कोणी कोणाला हाकलायला जात नाही, म्हणत. आणि एकेकटा सोडत नसत. सगळे एकदम."

"आणखी?"

"सोडायच्या आधी करंडीत घालून आतच ठेवत. एकमेकांना दिसू देत."

"पाण्याचं काय? तुमचं तर गोडं."

"हो. आपण इथे मीठ घालता. थोडं थोडं मिसळायला हवं."

त्यांनी तसंच केलं. हंड्यात रोज तांब्याभर हौदाचं पाणी घातलं. मग दगड काढून दुसरीकडे रचले. विरळ विणीची बांबूची करंडी आणवली, तिच्यात मासे घातले, झाकण बांधलं आणि ती हौदात बुडवली. थोराड नर पहिल्यांदा करंडीवर धडका देत राहिला. पुढे त्याला कंटाळा आला. मग एका संध्याकाळी मामंजींनी जुन्या माशांना पलीकडच्या कडेला भात टाकून गुंतवलं आणि इकडे करंडीचं झाकण सोडलं. थोडी पळापळ झाली. पण एवढ्यांतल्या कोणामागे लागावं हे त्या नराला ठरवता येईना. दिवाळीपर्यंत सगळे एका घोळक्यात फिरू लागले.

तेव्हा मामंजी काचेकडे पाहत म्हणाले, "मी त्यांना नुसतं बोलवायचं म्हणून बोलवलं. जेवायचा आग्रह करणार नाही, पाहून जा, असं स्वच्छ कळवलं असतं तर आले असते का ग?"

"आले असते," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

वर्षश्राद्धाला मामंजी आपण होऊन माझ्याबरोबर कल्याणला आले. हौद बुजवून दादाने तिथे केळी लावल्या होत्या. मामंजींनी विचारलं, हौद केवढा होता, बाबा बसत कुठे. दादाने दाखवलं. मग तो सहज म्हणाला, "लग्नात यावर फळ्या टाकून बैठक केली होती. आपण इथेच बसला होतात."

 परतताना गाडीत मामंजी मला म्हणाले, "खाली मासे आहेत, हे मला कोणी सांगितलंच नाही."

कोण सांगणार होतं? बाबा दिवसभर व्याह्यांच्या मानपानात वाकून उभे होते, आणि मी नऊ वर्षांची, मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली होते.

त्यानंतर मामंजी माझ्याशी नेहमीच सरळ बोलू लागले. हौदाजवळ मला बसायला त्यांनी दुसरा पाट ठेवला. घरात कोणाला ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी तो उचलू दिला नाही.