सिरीजमधल्या भावाचं सुतक

आठवड्याभरात चौदा खून, तीन घटस्फोट आणि एक बंड डोळ्यांनी पाहिलेला, पण तेवढ्याच दिवसांत स्वतःच्या आईचा एकही फोन न उचललेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी त्याच्यासोबत राहतो. धुळ्यात देवपूरला आमची खोली आहे आणि माझ्या रूम पार्टनरइतका कष्टाळू आळशी उभ्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. कष्टाळू अशासाठी, की कापूस वेचणाऱ्या बायाही दुपारी बांधावर घटकाभर टेकतात. हा टेकत नाही. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि याच्या अंगात नाही म्हणायची ताकद उरलेली नाही. जेवताना फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, घास गालाला. भाजी कोणती होती विचारलं तर म्हणतो, "हिरवी होती बहुतेक." सगळं दीडपट वेगानं बघायची सवय, त्यामुळे जिवंत माणसं त्याला रेंगाळल्यासारखी वाटतात. मी बोलू लागलो की याचा अंगठा हवेतच मला पुढे सरकवतो. अशा लोकांवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि पहिली प्रत त्यालाच दिली. दोन ओळी वाचून म्हणाला, "भारी आहे भाऊ. पण सुरुवात स्किप करता येते का?"

दिवाळीला गडी पारोळ्याला घरी निघाला. एसटीत फोन काढला, पारोळा मागे गेला, कंडक्टरनं एरंडोलला हाकलून उतरवलं. परतीच्या गाडीत बसला, पुन्हा पारोळा गेला आणि हा धुळ्यात खोलीवर हजर. हा किस्सा मी चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगितला की टपरीवाला आता माझ्या आधी हसतो.

याचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. रसायनशास्त्राचा प्रकल्प, पंधरा दिवसांवर तोंडी परीक्षा, आणि त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "चाललंय भाऊ." मध्यंतरी कॉलेजनं मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर व्याख्यान ठेवलं. पाहुण्यांना शाल, नारळ, दोन तास उपदेश; कुणी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. शेवटी सगळ्यांना व्हिडिओ पाठवला. यानं तोही दीडपट वेगानंच पाहिला.

मग एका दुपारी मी खोलीवर आलो तर आतून हुंदके. घरमालकीण अक्का दारातच उभ्या होत्या. "काय व्हयनं रे भाऊ? कोन गया?"

आतून घोगरा आवाज आला, "मोठा भाऊ गेला, अक्का."

त्याला मोठा भाऊ नाही. मला कळलं, सिरीजमधला कुणीतरी मेला आहे. मी तोंड उघडेपर्यंत अक्का खाली पोचल्या होत्या. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं जेवण द्यायचं असतं, हा त्यांचा नेम. थोड्या वेळात पिठलं-भाकरी घेऊन वर आल्या आणि त्याच्या गादीशेजारी फरशीवर बसल्या. ताट बघून हा कसनुसा झाला. "अक्का, तो खरा नव्हता. फोनमधला होता."

आता तोफ डागली जाणार म्हणून मी मजेत उभा. अक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पदरानं त्याचे डोळे टिपले. "मानूस खोटा व्हई. डोयानं पानी त खरं शे ना? खाई ले."

तेवढ्यावर तो फुटला. तीन महिने प्रयोगशाळेत गेला नव्हता. पहिले प्रयोग फसले, सर सगळ्यांसमोर बोलले, मग पाऊलच उचलेना. फोन बंद केला की छातीत धडधडायचं, म्हणून तो बंद करायचा नाही. घरी सगळ्यांना वाटतंय पोरगा पहिला येणार. "पारोळा दोन्ही वेळा दिसला होता, अक्का. उतरायचा धीरच झाला नाही."

मी तो किस्सा गावभर सांगितला होता. एका छताखाली राहून मी त्याच्यावर अडीच पानं लिहिली, पण तीन महिन्यांत त्याच्या गादीवर पाच मिनिटं टेकलो नाही. माणसाला फोनच्या पडद्याला चिकटवून पैसे कमावणाऱ्या कंपन्यांचा मला आजही संताप येतो. मात्र त्या संतापाला सोपं गिऱ्हाईक म्हणून मी आजारी माणूस निवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत सरांकडे गेलो. ते कुरकुरले, पण महिनाभराची मुदत दिली. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. वर्ष वाचेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. तो अजूनही बघतो. ठरलंय रोज एकच भाग, खाली ओट्यावर, अक्कांच्या शेजारी. त्या दर मिनिटाला "हाऊ कोन?" विचारतात आणि हा थांबवून सांगतो. महिना होत आला, पहिला भाग काही संपत नाही.

तुमच्या घरात, वसतिगृहात, शेजारी असं एखादं दार दिवसभर लोटलेलं असेल. आज ते वाजवा. काय बघतोस म्हणून झडती घेऊ नका. आत जाऊन बसा, आणि तो बोलेपर्यंत उठू नका.