गारठलेला इग्वाना

फ्लोरिडात लेकीकडे राहायला आले, पण तिच्या अंगणातली जास्वंद मी कधी धड फुललेली पाहिली नाही. कळी धरली की इग्वाना खातात. घोरपडीएवढे हे हिरवे सरडे मूळचे इथले नव्हेत. कुणीतरी हौसेने पाळले, आवरेनासे झाल्यावर सोडून दिले. आता त्यांच्या बिळांनी मागच्या कालव्याचा काठ खचतोय. जमिनीत घर करणारी घुबडांची जोडीही त्यांच्यामुळे निघून गेली.

काल सकाळी थंडीने गारठून एक इग्वाना झाडावरून खाली पडला. पाय ताठ, डोळे मिटलेले.

"आई, ऊन चढायच्या आत पकडणाऱ्याला बोलावते," लेक म्हणाली. "ऊब मिळाली की पळेल तो."

"नेऊन काय करतात?"

"मारतात."

तिने फोन केला. माणूस येईपर्यंत आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. ज्यांनी हे सोडले, त्यांना असं बसावं लागलं नसेल.

माणसाने त्याला उचलून पोत्यात घातलं, तेव्हा इग्वानाच्या गळ्याखालची सैल कातडी हलली. लेकीने पाहिलं, मीही पाहिलं. थांबा, असं कुणीच म्हटलं नाही.