चढावर मागितलेली जोड

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला नाही. वाचता वाचता मनात कारणं शोधत असते — वारा असेल, अंगात ताप असेल, झोप झाली नसेल. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. घरी लाईट टिकायची नाही, म्हणून गावच्या महिला दूध संस्थेच्या खोलीत इन्व्हर्टरच्या दिव्याखाली अभ्यास केला. त्या बायकांनी मला एकदाही "आता उठ" म्हटलं नाही. हे सांगण्याचं कारण पुढे कळेल...

मांजरसुंब्याला दूध संघाचं चिलिंग सेंटर आहे. आमची सहा गावं तिथून आत, खालच्या अंगाला. ते दुष्काळाचं वर्ष होतं. निम्मी जनावरं चारा छावणीत, दहा कॅनच्या जागी जेमतेम सात भरायचे. एवढ्याशा दुधासाठी डिझेलची गाडी पाठवणं जमत नाही म्हणून संघाने ती बंद केली. मी हट्ट धरला, तेव्हा एक इलेक्ट्रिक तीनचाकी टेम्पो महिनाभरासाठी मिळाला. अट एकच — एकदाही दूध दहानंतर आलं किंवा नासलं, तर सहाही गावांचं संकलन कायमचं बंद.

फेरी चौपन्न किलोमीटरची. कंपनीच्या कागदावर गाडी त्याच्या दुप्पट जायची, पण मे महिन्याच्या उन्हात, खड्ड्यांतून, भरल्या कॅनांसह ती पन्नासलाच मान टाकायची. वरचे चार किलोमीटर कुठून तरी काढायचे, हेच माझं काम. टायरमधली हवा वाढवली. मागची लोखंडी फळी काढली. तीसच्या वर वेग न्यायचा नाही, उतारावर मोटारनेच गाडी धरायची म्हणजे थोडी वीज परत बॅटरीत जाते... असा एकेक टक्का मी वाचवत होते. महिना सुरू व्हायच्या आधी, पाण्याचे कॅन घालून घेतलेल्या चाचण्यांतच फेरी पुरी व्हायला लागली.

गाडी रंगनाथतात्या चालवायचे. उभी हयात ऊसतोडीच्या बैलगाडीवर गेलेला माणूस. शेवटच्या गावानंतर दीड किलोमीटरचा उभा चढ आहे. त्याच्या पायथ्याला तात्या रोज टेम्पो थांबवायचे, मान बाहेर काढून मोठ्याने ओरडायचे, "जोड द्या ओऽऽ!" आणि मग निघायचे.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "तात्या, कुणाला हाक मारता?"

"कुणाला म्हंजी? जोड मागतोय. भरल्या गाडीला हा चढ एका जोडीनं निघत न्हाई. दुसऱ्याची बैलं म्होरं जुपायची, वर गेलं की सोडायची. रीतच हाय."

"पण ही गाडी बॅटरीवर चालते."

"मंग? बॅटरीला चढ लागत न्हाई व्हय?"

मला हसू आलं, पण ते थांबणं मला परवडत नव्हतं. भरली गाडी चढाच्या तोंडाशी थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे टक्का-दीड टक्का उगाच जातो. मी नियमांचा कागद केला, त्यात लिहिलं — चढाच्या पायथ्याशी थांबू नये. तात्या कागद बघून म्हणाले, "शिकलेल्या माणसाचा हुकूम. आपुन काय बोलावं." आणि थांबायचं बंद केलं. नवल म्हणजे त्यानंतर चढाला चौदा टक्के लागायला लागले. आधी अकरा लागायचे. ऊन वाढलंय, असं मी वहीत लिहिलं.

महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले आणि तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गाडी मी घेतली. त्यात पहाटे तीनला लाईट गेली ती आलीच नाही, बॅटरी पुरती भरलीच नव्हती. निघू नको, असं माझं शिक्षण सांगत होतं. पण सहा गावांच्या बायका, मला अभ्यासाला दिवा देणाऱ्यासुद्धा, चरव्या घेऊन रस्त्यावर उभ्या असणार... निघाले.

चढाच्या पायथ्याला आले तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि स्क्रीनवर आठ टक्के. दोनशे मीटर चढले, सहा टक्क्यांवर ताकद कमी पडल्याचं कासवाचं चिन्ह पेटलं आणि गाडी थांबली. हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. सेंटरला फोन केला. "गाडी न्हाई मॅडम, दहाला गेट बंद करावं लागंल." कॅनांवरची ओली गोणपाटं डोळ्यांदेखत वाळत होती.

बाभळीखाली एक मेंढरंवाली बसली होती. रोज दिसायची. तिची दहा-बारा मेंढरं रस्त्यावरच उभी होती.

"काय झालं गं बाय?"

"बॅटरी संपली."

"मंग हाक मार की. त्यो म्हातारा रोज मारीत हुता. आता कावून बंद केली?"

"मावशी, त्यानं काय होतंय?"

"मला काय ठावं? मी मेंढरं राखते. पर गाडी तुजी हाय, हाक तूच मारावी."

मला लाज वाटत होती, पण सात कॅन मागे होते. मी हळूच म्हटलं, "जोड द्या ओ..."

मावशी फिस्सकन हसली. "एवढ्यानं शेरडू बी वळत न्हाई."

मग मी ओरडले. पोटातून, जितकं ओरडता आलं तितकं. आवाज चढावर जाऊन विरला. काहीच झालं नाही. फक्त टेम्पोपुढची मेंढरं उठून कडेला झाली — एका अंगाला नाही, दोन्ही अंगांना, मध्ये रुंद जागा सोडून. मावशीने त्यांना हाकललं नव्हतं. मी बघत होते.

दगड काढला, बसले, हँडब्रेक सोडला. गाडी मागे घरंगळेल म्हणून पाय ब्रेकवरच होता. ती घरंगळली नाही. पुढून एक ओढ आली. दोर ताणला जावा तशी गाडीचं नाक किंचित खाली गेलं आणि चाकं फिरू लागली... चढाकडे. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळलाच नव्हता. मोटारचा तो बारीक आवाजही नव्हता. माणसाच्या चालीने गाडी वर निघाली होती, आणि कॅन सरळ न हलता डाव्या-उजव्या अंगाला झुलत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे. ब्रेक दाबून उतरून पळावंसं वाटलं. दाबला नाही — मागे दूध होतं.

माथ्यावर ओढ सैल झाली, गाडी सपाटीवर उभी राहिली. स्क्रीनवर सहा टक्केच. पुढचे दोन किलोमीटर मी मोटारवर काढले. नऊ बावन्नला दूध उतरलं, उकळून बघितलं, फाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी पुरी भरली होती, महिना निभावला. आमचं संकलन चालू राहिलं.

तुम्ही म्हणाल, थांबल्यावर बॅटरी थोडी सावरते. सावरते, मलाही माहीत आहे. म्हणून मी कंट्रोलरची नोंद काढली. त्या तेराशे मीटरमध्ये मोटारने वीज घेतलेलीच नाही. चाकं फिरल्याची नोंद आहे, विजेची नाही. कॉलेजातल्या सरांना दाखवली. ते म्हणाले, सेन्सर बिघडला असेल. तो सेन्सर आधीही बरोबर दाखवत होता, आजही दाखवतो.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसले होते. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते काळजीत पडले.

"म्हंजी निस्ती हाक न्हाई, जोड घेतलीस तू. मंग तुला बी द्यावी लागंल."

"कुणाला?"

"ज्येची हाक येईल त्येला. कोण हाय, काय हाय, इचारायचं नसतं. फकस्त जोर शिलकीत पायजे. माझ्या बापाला लई वर्सांनी आल्ती हाक."

"काय झालं मग?"

"रिकाम्या गाडीला, सपाटीवर, बैलं गुडघ्यावर आली. त्यांचा जोर दुसऱ्याच कुणाच्या चढाला लागला हुता. बापानं चाबूक न्हाई उगारला. उभा ऱ्हायला, बैलांच्या पाठीवर हात ठिवून."

तेव्हापासून गाडी मीच चालवते, आणि वेग आणखी उतरवून चढाच्या पायथ्याला पोचते तेव्हा गाडीत गरजेपेक्षा दहा टक्के जास्त ठेवते. एकेक टक्क्यासाठी भांडणारी मी, रोज दहा टक्के न वापरता परत आणते. कान सारखा बाहेर असतो. बरोबर कुणी बोलायला लागलं तरी चिडचिड होते.

गेल्या महिन्यात सातव्या गावच्या बायका आल्या. त्यांचं दूध घेणारं कुणी नाही. गाव आमच्या वाटेवरच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे, आणि ते दहा टक्के वापरले तर टेम्पो तिथे जाऊन येऊ शकतो. मी हिशेब करून बघितला, दोनदा. त्यांना काय कारण सांगावं कळेना. खोटं बोलता येईना, म्हणून सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, हसतील आणि निघून जातील.

त्यांच्यातली म्हातारी एवढंच म्हणाली, "घेतलीय म्हंजी द्याया पायजे की बाय. तू राखून ठिव. आमी फाट्यापत्तर डोक्यावर आणतो."

आता रोज सकाळी नऊ बायका डोक्यावर दूध घेऊन दोन किलोमीटर चालत येतात, ऊन असो काही असो. मी कॅन भरून घेते, त्यांच्याकडे बघायचं टाळते. हे बरोबर की वेडेपणा, मला ठरवता येत नाही. कुणाला यामागचं कारण माहीत असेल तर कृपया सांगा, म्हणजे त्या बायकांची चाल तरी थांबवता येईल...

हाक अजून आलेली नाही.