हनुवटीवरचं गोंदण

२००८च्या मंदीत माझी नोकरी गेली. घरात बसून जीव कोंडायला लागला, म्हणून एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी आणि नवरा दुबईतल्या करामाहून रास अल खैमाच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो.

बायकांच्या कुंडात एक बाई आधीच गळाभर पाण्यात बसली होती. ओठांपासून खाली हनुवटीभर वळणदार, हिरवट गोंदण. न्यूझीलंडची माओरी, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होती. सगळ्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या. तिने मान खाली घातली नाही.

"आमच्याकडे असे झरे जंगलात असतात," ती इंग्रजीत म्हणाली. "आजी आधी पाण्याशी बोलायची, मगच उतरायची."

नोकरी तिचीही गेली होती. ती घरी गेली, हे गोंदवून घेतलं आणि पुन्हा दुबईत काम शोधायला आली.

"असा चेहरा बघून कोण काम देणार?" मी आगाऊपणे विचारलंच.

"देईल त्याच्याकडे करीन. चेहरा घरी ठेवून मी कामाला जाणार नाही."

मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. गरम पाण्याने माझं क्रीम धुऊन निघालं होतं. लहानपणी आजीने जत्रेत गोंदवलेला आणि ऑफिससाठी रोज झाकायच्या सवयीने त्या दिवशीही मी क्रीमने झाकलेला ठिपका हनुवटीवर उघडा पडला होता. ती हसली आणि तिने स्वतःची हनुवटी किंचित वर उचलली. मीही उचलली.

त्या रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, माझा इंटरव्ह्यू होता. दारात नवरा म्हणाला, "अगं, हनुवटी राहिली."

"राहू दे. यल्ला, चल."