साजिदाचा सुट्ट्यांचा प्रोग्राम

साजिदा रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकली, पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन कतारमध्ये दोह्याला आली. २००४ साली मजूर पुरवणाऱ्या एका कंपनीत लागली. कामगारांच्या सुट्ट्यांचा प्रोग्राम तिनं पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत एकटीनं लिहिला. त्यातून निघालेल्या यादीत नाव असलं, तरच कफील, म्हणजे कामगारांचा जामीनदार मालक, देश सोडायच्या एक्झिट परमिटवर सही करी. सही नसली की विमानतळावरूनच परत.

त्या प्रोग्रामात दर कामगाराच्या नावाचा वेगळा व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा खण, होता. तो हातानं लिहावा लागत नसे. प्रोग्राम चालता चालता नावावरून आपोआप तयार होई आणि सुट्टीची तारीख त्यात जाऊन बसे. शेजारच्या टेबलावरच्या साताऱ्याच्या हर्षलनं तेव्हाच टोकलं होतं.

"भाभी, हे अंगाशी येईल. एकच अ‍ॅरे घ्या, म्हणजे सगळ्यांचा एकच तक्ता, आणि बॅज नंबरावर माणूस ठेवा."

"नंबरावर? कैदी आहेत का ते?"

"मग काय, चारशे जणांना नावानं हाका मारत बसणार?"

ती हसली होती. आईबापांनी बिस्मिल्ला म्हणून ठेवलेलं नाव टाकून आकडा लावणं तिच्या जिवावर येई.

जूनमध्ये गुहागरकडचा वेल्डर उस्मान मुकादम ऑफिसात आला. आई शेवटच्या घटका मोजत होती, सुट्टी मंजूर होती, पण यादीत त्याचं नाव नव्हतं. साजिदानं प्रोग्राम उघडून पाहिला. त्याच आठवड्यात मंडणगडचा दुसरा उस्मान मुकादम कामावर लागला होता. नाव एक, म्हणून व्हेरिएबलही एकच. नव्याची पुढल्या वर्षीची तारीख जुन्याच्या तारखेवर जाऊन बसली होती.

तासाभरात तिनं सगळं अ‍ॅरेत घातलं, नंबर लावले, नवी यादी काढली. पण कफील आदल्याच दिवशी सह्या उरकून लंडनला गेला होता. फोन कुणी उचलेना. त्याच्याऐवजी सही करणारं दुसरं कुणी नव्हतं.

उस्मान रोज येऊन दाराशी उभा राही. एक दिवस आला आणि म्हणाला, आई गेली. साजिदानं इन्ना लिल्लाह म्हटलं. कफील आला की पहिली सही तुमची, असंही सांगितलं.

"राहू द्या, भाभी. आता जाऊन कुणाला भेटू?"

बाहेर साइटची बस थांबली होती. तो जाऊन बसला.

सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर साजिदानं त्याच्या आईसाठी दुआ मागितली. स्वतःसाठी काय मागावं, ते तिला सुचलं नाही.