उताराचे पाय

हल्ली मी चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या नुसत्या चढते. वर पोचले की देवीला बाहेरूनच हात जोडते आणि खाली यायला सरळ बस धरते. पायऱ्यांवर रोज भेटणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. परवा म्हणाले, "काय टीचर, गुडघे गेले वाटतं?" मी म्हटलं, "गुडघे ठणठणीत आहेत. उतरायचं कारण गेलं." त्यांना काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. सगळा जन्म शाळेत गणित समजावण्यात गेला, आता साकु. पुरे झालं.

चढायचे पाय वेगळे आणि उतरायचे पाय वेगळे, हे मला वहिनीने शिकवलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नाशिकची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला "सुम्ने बस गं" म्हटलं, म्हणजे उगी बस, तर ती घाबरून खरोखरच बसली. मला ती वन्सं म्हणायची. नवऱ्याच्या बहिणीला हल्ली कोण वन्सं म्हणतं? पण तिने सुरुवात केली ती चेष्टेने, आणि मग तेच माझं नाव झालं. चिडवायचं असलं की अहोजाहो, एरवी अगंतुगं.

मी लग्न केलं नाही. का, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. त्यांची मुलगी, माझी भाची, शिकून पुण्याला नोकरीला गेली, आणि मग भाऊ गेला. सरस्वतीपुरमच्या त्या घरात आम्ही दोघीच उरलो, नणंद आणि भावजय. लोकांना वाटलं आता भांडीकुंडी वाजणार. वाजायचीच म्हणा. पण वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस तिने ट्रंकेतून एक लोकरीची टोपी काढली, नाकाला लावून हुंगली आणि म्हणाली, "मला बर्फावर जायचंय."

लग्नाआधी कॉलेजातून ती हिमालयात स्कीइंग शिकायला गेली होती, हे मला माहीत होतं. ते अजून तिच्या पोटात आहे हे माहीत नव्हतं. भावाला थंडी सोसायची नाही. डिसेंबरात म्हैसुरातसुद्धा मफलर गुंडाळून बसणारा माणूस तो. त्याला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. मी म्हटलं, "तू मला बर्फावर नेणार असशील तर आधी माझ्या पाण्यात ये."

कारण माझं वेड वेगळं होतं. लहानपणापासून पोहायचे, सायकल तर शाळेत जायला होतीच, पन्नाशीनंतर पळायला लागले आणि ट्रायथलॉनच्या नादी लागले. आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, मध्ये थांबायचं नाही. माझ्या वयाच्या गटात बाईमाणूस सहसा मी एकटीच, त्यामुळे पहिली मीच आणि शेवटचीही मीच. वहिनीला ते फार आवडायचं. बक्षीस घेऊन आले की विचारायची, "वन्सं, यंदा कितव्या आलात?"

झालं, सौदा ठरला. दसऱ्याची गर्दी ओसरून रस्ते मोकळे झाले की माझा हंगाम: तलावात तिचा फळीला धरून आरडाओरडा, रविवारी नंजनगूडपर्यंत सायकल, वाटेत कडकोळच्या कारखान्यांच्या बसेसना शिव्या देत. संक्रांतीला शेजारीपाजारी एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, वाटून झालं की तिचा हंगाम, गुलमर्ग. मधले महिने आमची रस्सीखेच. पोहण्याने खांदे भरले की ती म्हणायची, बर्फावर खांद्यांचा उपयोग काय, मांड्या कर. मांड्या केल्या की मी पळताना दगडासारखी जड व्हायचे. साठीच्या आसपासच्या दोन बायका रात्रीच्या जेवणाला या गोष्टीवरून भांडायच्या, आणि वरण गार व्हायचं.

त्या भांडणावर तोडगा चामुंडीने काढला. पायऱ्या चढायच्या माझ्यासाठी, उतरायच्या तिच्यासाठी. बर्फावर पाय ढकलत नाहीत, धरून ठेवतात, असं ती सांगायची. गुडघे वाकवून, सावकाश, प्रत्येक पायरीवर वजन तोलत उतरायचं. वर येणारे लोक "निधान अम्मा, निधान" म्हणायचे, म्हणजे सावकाश, त्यांना वाटायचं म्हाताऱ्या घाबरल्यात. मी फणकारायची. ती मात्र हसून हात हलवायची. घरात दुसरं कोणी नसताना ती तीनचार वर्षं किती आनंदाची गेली हे मला तेव्हा कळत होतं. मागाहून कळलं असं म्हणण्याची फॅशन आहे, पण मला तेव्हाच कळत होतं.

कुक्करहळ्ळीच्या तळ्याभोवती पळताना मी नेहमी तिच्या मागे असायची. एका सकाळी पाहिलं तर तिचा डावा हात हलत नव्हता. उजवा मागेपुढे होतोय आणि डावा अंगाला चिकटलेला. मी ओरडून म्हटलं, "डावा हात काय घरी ठेवून आलीस?" तिने वळून हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. हलवला. चार ढांगांनी तो पुन्हा थांबला. आम्ही तशीच फेरी पुरी केली. त्या दिवशी घरी येताना इडल्यासुद्धा घेतल्या.

पार्किन्सन. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. बरा होत नाही, सांभाळत राहायचं. सायकल चालवा म्हणाले, म्हणून हॉलमध्ये जाग्यावरची सायकल आली आणि वहिनी त्यावर बसून मला स्वयंपाकातल्या चुका सांगू लागली. गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या की दिवस बरा जायचा. पण पुढे पुढे ती चालता चालता थांबायला लागली. उंबऱ्यात, दारात, अरुंद जागेत. पाय जमिनीला डकवल्यासारखे. डोकं सांगतंय चल, आणि पाय ऐकायलाच तयार नाहीत. "वन्सं, यांना जरा शाळेत घाला," म्हणायची. मी हसायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. रडू यायचं ते रागाचंच जास्त.

गेल्या संक्रांतीला ती म्हणाली, "एकदा जाऊ या." फोनवर भाचीने आकाशपाताळ एक केलं. आत्या, तुला तरी कळायला हवं, म्हणाली. मला कळत होतं. म्हणूनच गेलो.

श्रीनगरच्या विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. गुलमर्गला आमचा नेहमीचा स्की शिकवणारा होता, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. साध्या, लहान उतारावर नेलं. त्याने बूट चढवले, स्की अडकवल्या, तिला धरून उभं केलं. मी म्हटलं, नुसतं उभं राहा, फोटो काढते. तर बाई निघालीच.

आणि काय उतरली. गुडघे वाकवून, डावीकडे, उजवीकडे, अंग सैल, तो मेला डावा हातसुद्धा जागेवर. चालताना जे पाय चार फुटांत अडकायचे ते घसरताना मोकळे. मी वरच उभी राहून बघत होते. माझ्या मनात आलं, बरी झाली. मी गणिताची बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी मला खरोखर वाटलं की ती बरी झाली.

मी खाली पोचले तेव्हा तिच्या स्की काढलेल्या होत्या आणि ती उभी होती. चहाची टपरी समोर, हाकेच्या अंतरावर. तिला पाऊल उचलता येईना. चेहरा अजून उताराचा, हसरा, आणि पाय गोठलेले. शिकवणारा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने ओढतोय, ती पुढे कलतेय, पण पाय काही सुटत नाहीत. माझं डोकं फिरलं. बर्फावर, रोगावर, तिच्यावर, सगळ्यावर. हातातली स्कीची काठी मी तिच्या पायापुढे आदळली. तिने काठीकडे पाहिलं. आणि पाय उचलून ती ओलांडली.

आम्ही दोघी काठीकडे बघत राहिलो. मी काठी उचलली, पुढे आडवी ठेवली. तिने ओलांडली. परत उचलली, परत ठेवली. अशा आम्ही टपरीपर्यंत गेलो. तिथे बसून ती इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, "सपाटीवर चालायला सांगता, ते नाही जमत. अडथळा घाला, मग बघा." म्हैसूरला आल्यावर व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की हे त्यांना ठाऊक आहे. समोर आडवी रेघ दिसली की अडकलेलं पाऊल सुटतं, पुष्कळांचं सुटतं.

पण म्हैसूरला आलो ते माझा उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. उतारावर नव्हे, हॉटेलच्या पायरीशी, सामान उचलताना, काचेसारख्या बर्फावर पाय सटकला आणि मनगट मोडलं. तिला सांभाळायला गेलेली मी, आणि गाडीत तीच माझ्या गळ्यातली झोळी सारखी करत होती.

मग आमचा संसार बघण्यासारखा झाला. घराची जमीन जुन्या लाल सिमेंटची. त्यावर मी रोज सकाळी खडूने आडव्या रेघा मारायची, तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून मोरीपर्यंत. खडू मात्र डाव्या हातात. बाळबोध, वाकड्यातिकड्या रेघा. ती त्या ओलांडत यायची आणि म्हणायची, "वन्सं, अक्षर सुधारा." कामवाली दुपारी पुसून टाकायची, संध्याकाळी मी परत मारायची. ती थरथरत्या बोटांनी माझ्या ब्लाउजचे हुक लावायची, अर्धा अर्धा तास. मी हूं की चूं करायची नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड होतं हे तिलाच माहीत.

एक दिवस ती मोरीत अडकली आणि पडली. लागलं नाही फारसं. पण एका हाताने मला तिला उचलता येईना, आणि शेजारच्या माणसांना बोलवावं लागलं. परक्या पुरुषांनी तिला उचललं. रात्री तिने भाचीला फोन लावून पडल्याचं सांगितलं, ते मी ऐकलं.

भाची आली, चार दिवस राहिली आणि म्हणाली, आईला पुण्याला नेते. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, दिवसभराची बाई मिळेल. सगळं खरं होतं. "आत्या, तूही चल," तेही म्हणाली, पण दोन खोल्यांत ती, तिचा नवरा, मुलं, आई आणि आईची बाई. माझी जागा कुठे, हे तिला बोलून दाखवायची वेळ मी येऊ दिली नाही. मी वाट पाहत होते वहिनीने नाही म्हणायची. मला खात्री होती. ती म्हणाली, "जाते मी."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मला एका शब्दाने विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि मी राहिले असते. मग तू माझ्यामागे खडू घेऊन फिरणार, पोहणं नाही, पळणं नाही. तुझे पाय चांगले आहेत अजून."

"माझ्या पायांना काय करायचंय ते मी ठरवेन."

"ठरव की. मी गेल्यावर."

मला ती जायला नको होती. याहून वेगळं, शहाणपणाचं काही मला सांगता येत नाही. प्लास्टर निघालं होतं, हात सुधारत होता, मी तिला उचललं असतं. निदान मला तसं वाटत होतं.

जायच्या दिवशी टॅक्सी फाटकाशी आली. सामान चढलं. मी मुद्दाम सकाळी रेघा मारल्या नव्हत्या. विसरले असं भाचीला सांगितलं. वहिनी भिंतीला धरून कशीबशी दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी अडकली. उंबरा आमचा जुना, झिजून जमिनीसारखा सपाट झालेला, ओलांडावा असं त्यात काही उरलेलंच नाही. भाचीने हात धरून ओढलं. "ओढू नकोस, पडेल," मी म्हटलं. भाची म्हणाली, "आई, चल ना, गाडी चुकेल." वहिनी आपल्या पावलांकडे बघत उभी.

दाराशी छत्र्यांच्या बादलीत आमच्या स्कीच्या काठ्या उभ्या होत्या. माझा हात पोचेल इतक्या जवळ. मी हलले नाही. मला एवढंच दिसत होतं की मी काही केलं नाही तर ती इथेच उभी राहील. टॅक्सी जाईल, गाडी सुटेल, आणि संध्याकाळी मी तिला आत नेऊन बसवीन. भाचीला त्या काठ्यांचं काही माहीत नव्हतं. आम्हा दोघींनाच माहीत होतं.

वहिनीने मान वर केली. घामाने कपाळावरचे केस चिकटले होते. अगदी हळू म्हणाली, "वन्सं, ठेवताय ना?"

मी काठी काढली आणि उंबऱ्याच्या पलीकडे आडवी ठेवली. तिने पाय उचलला, ओलांडली. मग पायरीशी ठेवली, मग अंगणात, मग फाटकात. टॅक्सीच्या दारापर्यंत प्रत्येक वेळी मीच वाकले आणि मीच ठेवली.