बिल्लेसरांचा मोर

पहिल्या भेटीत बिल्लेसरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे. "यात काही जुनं अडकवलंय का हो?" विरारच्या इमारतीत मी नुकताच राहायला आलो होतो, आणि शेजारी असा निघाला! सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जुन्या व्यापाऱ्यांच्या पितळी बिल्ल्यांचं त्यांना वेड, म्हणून अख्खी इमारत त्यांना बिल्लेसर म्हणायची.

पूर्वी आगाशीतून सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, बाहेरगावी जायची. बायका डोक्यावरून टोपल्या वाहायच्या. दर टोपलीला व्यापारी एक बिल्ला हातावर ठेवायचा आणि संध्याकाळी बिल्ले परत घेऊन मजुरी द्यायचा. वाचता कुणाला येत नसे, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याचं चित्र वेगळं: कुणाचं गलबत, कुणाचं कमळ, कुणाचा मोर. "राजाचं नाणं कुठल्याही संग्रहालयात दिसेल," सर म्हणायचे, "टोपलीवालीचं नाणं टोपलीवालीच्याच घरात शोधावं लागतं."

आणि शोधायचे तरी कुठे कुठे! लग्नाला गेले की पंगत सोडून यजमानांच्या माळ्यावर सापडायचे. एकदा वसईच्या बाजारात भंगारवाल्याकडे मला गलबताचा बिल्ला मिळाला. मी तो हौसेनं चिंचेनं घासून लख्ख केला. सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, तो मळ म्हणजे त्याचा जन्मदाखला होता! तुम्ही त्याला अंघोळ घातलीत!" चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी स्वतःच चिवडा घेऊन आले.

त्यांच्या लाकडी पेटीत एकच खण रिकामा होता, मोराचा. सरांची आई त्याच व्यापाऱ्याच्या टोपल्या वाहायची. लहानपणी तिच्या तळहातावर पाहिलेला तो मोर मरण्याआधी एकदा हातात घ्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

एका रविवारी आगाशीत मोर दिसला. शेळीच्या गळ्यात! "मोर! मोर!" ओरडत सर शेळीमागे धावले. शेळी केळीच्या वाडीत, सर तिच्यामागे, आणि मी पाटाच्या चिखलात. शेळीची मालकीण, एक म्हातारी आजी, कमरेवर हात ठेवून तमाशा बघत होती.

"मास्तर, बिल्ला नाय मिळनार," ती म्हणाली. "माज्या सासूनं बांधला तवापासून एक पन शेळी आजारी पडली नाय. शेळी जित्ती हाय तवर कोनी काढायचा नाय."

"मग शेळीच द्या!"

"देते. पन शबूद द्या, काढनार नाय."

सरांनी शब्द दिला आणि शेळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. कागदावर पेन्सिल घासून सरांनी बिल्ल्याचा ठसा घेतला. शेळीनं तो खाल्ला. सोसायटीनं नोटीस लावली. शेळीनं तीही खाल्ली. "सर, बिल्ला काढा आणि शेळी परत करा, कोण बघतंय?" मी हळूच सुचवलं. सर हसले. "शब्द दिलाय हो. आणि पाला घालताना रोज हातात येतोच की!" त्या वेळचा त्यांचा चेहरा सात-आठ वर्षांच्या पोराचा होता.

दुसरी नोटीस शेळीचं तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचावर लागली. मग सरांनी आगाशीत, आजीच्या शेजारीच खोली घेतली. टेम्पोत सर, पेटी आणि शेळी एकाच गोणपाटावर बसून निघाले. हात हलवताना मी पोट धरून हसलो. वर येऊन त्यांच्या दाराला कुलूप पाहिलं आणि मला रडू आलं.

गेल्या वर्षी सर गेले. मी आगाशीत आजीकडे गेलो होतो, तेव्हा त्यांचा मुलगा कात्री घेऊन वाडीत आला. "बाबांची पेटी आता पूर्ण करतो," म्हणाला बिचारा. आजी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी शेळीसमोर आडवा उभा राहिलो आणि ओरडलो, "जित्ती हाय अजून!" मुलाला वाटलं, मलाही वेड लागलं. ते खरंच होतं.

मी त्याला पेटी उघडायला लावली. मोराच्या खणात सरांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली: "मोर. सध्या चरायला गेला आहे."

तो बराच वेळ हसत होता, डोळे पुसत. मग त्यानं कात्री खिशात ठेवली आणि शेळीपुढे केळीचं पान धरलं.